जिन्याकडचं दार

११ जुलै, सोमवार

ही नवी वही बोटीत बसण्याआधी आमच्या लेवुका गावातल्या टपाल कचेरीशेजारच्या दुकानातून घेतली. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेदिक्त म्हणायच्या, मन गढूळ झालं की अक्षर नीट काढायला बसावं, गाळ आपोआप खाली बसतो. आज अक्षर नीट काढते आहे.

कामिलोला कालपासून राजधानीत, सुवाच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं आहे. रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर लिटिया माझ्या मुलापेक्षाही लहान दिसतात, पण बोलतात मोकळं. म्हणाल्या, "वय एकतीस आहे, अंगात ताकद आहे. बरे होणारे पुष्कळ असतात." मी तो शब्द धरून बसले आहे. पुष्कळ.

कामिलो म्हणतो, "आई, बोटीचं इंजिन खोलताना मी मालकाला हेच सांगतो. बरी होणारी इंजिनं पुष्कळ असतात."

खोली वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. शेजारचा जुना भाग पाडून नवा बांधताहेत. मधल्या बोळाच्या तोंडाशी जाड प्लास्टिकचा पडदा, त्याला तंबूला असते तशी चेन. दिवसभर पलीकडे घणाचे आवाज. कॉन्व्हेंटजवळच्या घड्याळाचे ठोके ऐकत वाढलेल्या बाईला हे आवाज फार लागतात.

अंजला नर्सने नियम सांगितले. तोंडाला मास्क. हात धुवायचे. एका वेळी एकच माणूस. खिडकी बंद. फुलं नाहीत. मी घरच्या झाडाची मोकोसोईची फुलं रुमालात बांधून आणली होती, उशाखाली ठेवायला. ती तिने दोन बोटांनी उचलून बाहेर नेली. नवीकोरी चटईसुद्धा परत पाठवली.

"रागावू नका आंटी," म्हणाली. "या औषधाने याच्या रक्तातले पहारेकरी मरणार. काही आठवडे हा म्हणजे उघडं टाकलेलं घर. कुणाला सर्दी, खोकला, ताप असेल तर त्याने इकडे फिरकायचं नाही."

ते मला पटलं. सर्दीवाल्याला मी स्वतः दारातून परतवीन, मग तो बिशप का असेना.

१४ जुलै, गुरुवार

काल औषध सुरू झालं. जास्वंदीसारखं लाल. नळीतून उतरताना बघवत नव्हतं, म्हणून मी माळ जपत भिंतीकडे पाहत राहिले.

आज दुपारी त्याच भिंतीपलीकडून कुणीतरी टकटक केली. आमच्या खोलीला लागून मागच्या जिन्याचं दार आहे. आतून कडी. उघडलं तर सिरेली. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. डोक्यावर पिवळी टोपी, हातात डबा.

"नेई, शू," म्हणाला. नेई म्हणजे आत्या. दुसरं कुणी मला नेई म्हणत नाही, भावाला हा एकच. "मी पलीकडेच कामाला लागलोय. तो जुना भाग पाडायला. देवाने काम दिलं ते थेट याच्या उशाशी."

मामेभाऊ-आतेभाऊ, म्हणजे आमच्याकडचे तवाले. एकमेकांची टर उडवायची, आणि ज्याची उडवली त्याने रागवायचं नाही. ही दोघं पाळण्यात असल्यापासून हे चाललं आहे.

"काय रे," सिरेली वाकून आत येत म्हणाला, "समुद्रात मासे नाहीत म्हणून इथे येऊन झोपलास?"

"तू कसा इथे? कोंबडी चोरताना सापडलास?"

"तुझ्या शेजारची भिंत पाडतोय. मुकादम म्हणाला, हळू पाड, पलीकडे एक राजपुत्र पडलाय."

"तरीच. चार दिवस ऐकतोय, भिंत हलत नाही. घण धरायला बाई ठेवलीय वाटलं."

कामिलो हसला. लेवुका सोडल्यापासून पहिल्यांदा.

एका वेळी एकच माणूस हा नियम. पण तवाले आला आणि त्याला दारातून घालवायचं, हे मी कोणत्या तोंडाने करू? मी सिरेलीचं कपाळ पाहिलं, गार होतं. खोकला नाही, शिंक नाही. नर्स जेवायला जाते ती वेळ साधून तो येणार. मी कडी काढून ठेवीन.

२० जुलै, बुधवार

कामिलोला अन्न जात नाही. तोंडात फोड आले आहेत. इस्पितळातली लापशी तशीच परत जाते. खातो ते फक्त सिरेलीने आणलेलं. नारळाच्या दुधात शिजवलेली डालोची, म्हणजे अळूची, पानं, मऊ मासा. कच्चं नाही, सगळं शिजवलेलं, ते मी विचारून घेते. सिरेली पलंगाच्या कडेला बसून त्याला भरवतो. भरवतानाही गप्प बसत नाही.

"आ कर. बायको नाही मिळाली ती या तोंडामुळे."

"तुझी पळून गेली ती कशामुळे?"

"पळाली नाही. तिला वेग आहे, एवढंच."

बोलायला अडतं म्हणून दोघांचेही मास्क हनुवटीखाली. मी टोकते, पण मनापासून टोकत नाही.

जाताना सिरेलीच्या बुटांचे पांढरे ठसे पलंगापर्यंत उमटतात. मी ओल्या फडक्याने पुसून घेते. आज एक ठसा राहिला. अंजलाने पाहिला. खाली बसून तिने त्यावरून बोट फिरवलं.

"ही धूळ आत कशी आली?" ती म्हणाली. "पडद्याला कुठेतरी फट पडली असणार."

दुपारी दोन माणसं येऊन पडद्याच्या कडेने नवीन चिकटपट्टी लावून गेली. मी माळ हातात घेऊन बसले होते. खोटं काही बोलले नाही. तिने मला विचारलंच नाही.

आणि धूळ म्हणजे काही रोग नव्हे. आमच्या लहानपणी कॉन्व्हेंटाची फरशी आम्हीच झाडायचो, सूर्याच्या तिरिपेत धूळ सोन्यासारखी दिसायची. सिस्टर बेनेदिक्त म्हणायच्या, बघा, आपण सगळे यातूनच आलो. सगळ्या जणी ती धूळ खाऊन मोठ्या झालो.

२६ जुलै, मंगळवार

आज त्याचे उरलेले केस काढले. अंजलाने यंत्र फिरवलं. मी केस कागदात गोळा केले आणि कागद बॅगेत ठेवला. बाळपणीचं पहिलं जावळही माझ्याकडे आहे, हे त्याला सांगितलं नाही.

त्याने आरसा मागितला. पाहिला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी म्हटलं, देवाने डोकं छान गोल दिलं आहे. डबा आला तरी वळला नाही.

सिरेली दारात उभा राहिला. क्षणभर त्याचाही चेहरा पडला, मी पाहिलं. मग म्हणाला, "नेई, हा कोण नवीन पेशंट? आमचा कुठे गेला? तो काळा, केसाळ, कुरूप?"

कामिलोने चादर खांद्यापर्यंत ओढली.

"अरे, नाचाला उभा राहिल्यासारखा सजलायस, आणि कुणी पावडर टाकली नाही होय?"

आमच्याकडे नाचणाऱ्यावर पावडर उधळतात. आवडला नाच की बायका धावत जाऊन त्याच्या मानेवर, डोक्यावर पावडर टाकतात आणि हसत परत येतात. सिरेलीने पिवळी टोपी काढली. आज छत पाडत होते, टोपीखालचे केससुद्धा पिठात बुडवल्यासारखे पांढरे. तो पलंगावर वाकला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे केस झाडले. सगळं कामिलोच्या गुळगुळीत डोक्यावर, कपाळावर, उशीवर पडलं.

"घे. राजपुत्राला शोभेल अशी. जुन्या छतातली, शंभर वर्षं मुरलेली."

कामिलो वळला. आणि हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने हात वर करून पडल्या जागी नाचाचे दोन हातवारे केले. मीही हसले. तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरून हसले, नर्सला ऐकू जाऊ नये म्हणून.

नंतर मी ओल्या टॉवेलने त्याचं डोकं पुसलं. अगदी हळू, लहानपणी पुसायचे तसं. उशीचा अभ्रा बदलला. त्याने डबा संपवला.

मरिये, आजच्या दिवसासाठी तुझे आभार.

१ ऑगस्ट, सोमवार

रात्रीपासून ताप. डॉक्टर म्हणाल्या, रक्तातल्या पेशी तळाला गेल्या की असं होतं, अपेक्षित आहे. जंतूंवरची औषधं लावली आहेत.

सिरेली आला, पण कामिलो झोपेत होता. त्याने पायाचा अंगठा ओढून पाहिला. जाग आली नाही. डबा ठेवून गेला.

३ ऑगस्ट, बुधवार

ताप उतरत नाही. रक्त नेलं, पुन्हा नेलं.

अंजला म्हणाली, आज संसर्ग विभागाच्या बाईंनी बांधकामावरच्या सगळ्या माणसांना अंगणात बसवून चांगलं तासभर झापलं. फुप्फुसांचे फोटोसुद्धा दाखवले. "कामाच्या कपड्यांनी वॉर्डाकडे पाऊल टाकायचं नाही म्हणून पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण ऐकतंय कोण? एक तरुण पोरगा तर तिथेच खाली बसून ओकला. उन्हाने असेल."

बिचारा कुणाचा कोण.

आज सिरेली आला नाही. झापाझापीत जेवणाची सुट्टीच गेली असेल.

५ ऑगस्ट, शुक्रवार

आजही नाही. कडी काढून ठेवली होती. डबा मात्र आला, पुढच्या दाराने, नर्सच्या हातात. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला, डब्याला साबणाचा वास. आत माशाचं मऊ कालवण. कामिलोने दोन घास घेतले आणि विचारलं, "तो कुठाय?"

म्हटलं, कामात असेल.

"काम? तो?"

८ ऑगस्ट, सोमवार

मोठ्या यंत्रात घालून छातीचे फोटो काढले. डॉक्टर लिटियांनी मला बाजूच्या खोलीत बसवलं. बसवतात तेव्हाच कळतं.

बुरशी आहे म्हणाल्या. फुप्फुसात. मला आधी समजेना. बुरशी पावावर येते, पावसाळ्यात कॉन्व्हेंटात आमच्या रविवारच्या बुटांवर यायची, आम्ही खोबरेल लावून पुसायचो. माणसाच्या आत कशी येईल?

"हवेतूनच, बाई. तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही-मी रोज श्वासातून घेतो, आपलं शरीर निपटून टाकतं. याच्याकडे सध्या निपटणारं कुणी नाही. आणि जुनी छतं, ओल धरलेल्या भिंती फोडल्या की ते कण फार उडतात. म्हणून तर तो पडदा." त्यांनी पेन काढलं. "त्या बाजूने कुणी तुमच्या खोलीत येत होतं का? बाहेरचं कुणी?"

मी म्हटलं, "बाहेरचं कुणी नाही. घरचेच."

खरं तेच सांगितलं. सिरेली काही बाहेरचा नव्हे.

त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं. बुरशीवरचं औषध कडक आहे, थंडी वाजून येते म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, "अजूनही पुष्कळ बरे होतात ना?" त्या म्हणाल्या, "काही होतात."

मला राग आला आहे. मी सहसा रागावत नाही. पण आजाऱ्यांच्या उशाशी छत पाडतात आणि मध्ये प्लास्टिकचा एक कपडा टांगतात. पुन्हा त्याला फट. त्या दिवशी अंजलाने पाहिली होतीच ना.

११ ऑगस्ट, गुरुवार

थंडीने पलंग हलतो. चार पांघरुणं घातली. श्वास घेताना छातीत टोचतं म्हणतो.

दुपारी खिडकीशी उभी होते, तर रस्त्यापलीकडच्या नीरफणसाच्या झाडाखाली सिरेली. कामाचे कपडे नाहीत. चर्चला घालतो तो पांढरा सदरा, केस ओले, नुकती अंघोळ केल्यासारखा. वर आमच्याच खिडकीकडे बघत होता. मी हात हलवला. वर ये अशी खूण केली. त्याने मान खाली घातली. मी पुन्हा खूण केली. तो उभाच.

मी कामिलोला सांगितलं. सांगायला नको होतं.

"भ्याला," तो म्हणाला. "आजारी माणसाला भ्याला. गाढव." मग बऱ्याच वेळाने, "आई, मी त्याला काही लागेल असं बोललो का? त्याच्या बायकोवरून?"

"तवाले कधी रागावतो का?"

"नाही ना," म्हणाला. "म्हणून विचारलं."

सिरेली, तुझ्या नेईला तुझी लाज वाटते आहे. चांगल्या दिवसांत रोज यायचं आणि वाईट दिवसांत झाडाखाली उभं राहायचं. माझ्या भावाच्या रक्तात हे नव्हतं.

१५ ऑगस्ट, सोमवार

आज मातेच्या स्वर्गारोहणाचा सण. लेवुकाला आज सगळ्या मुली पांढऱ्या कपड्यांत, आणि समुद्राकडून वारा आला की शंभर फिती एकदम उडायच्या. इथे फादर येऊन कामिलोला प्रसाद देऊन गेले, अगदी कणभर, पाण्यात भिजवून.

त्यानंतर खोकल्यातून रक्त आलं.

त्याने सिरेलीला फोन लावायला सांगितला. मी लावला, कानाशी धरला. "हॅलो" झालं आणि पलीकडे नुसता श्वास.

"काय रे," कामिलो म्हणाला. शब्दाशब्दाला थांबत होता. "पाडलीस का भिंत?"

पलीकडे काही नाही.

"बोल की. टर उडव. मी काय मेलोय?"

मग बारीक आवाज, कुत्र्याचं पिल्लू करतं तसा. कामिलो ऐकत राहिला. "बरं बरं," म्हणाला, "रडू नको, तोंड आणखी वाईट दिसेल."

मी फोन काढून घेतला आणि बंद केला. आईने असं करू नये, पण त्या मुलाला मरणाऱ्याच्या तोंडून स्वतःचं सांत्वन करून घेताना ऐकवेना.

मी आत्ता मरणारा असं लिहिलं. खोडत नाही.

१७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी, चहाची गाडी यायच्या वेळी, कामिलो गेला. माझा हात त्याच्या डोक्यावर होता. बारीक केस यायला लागले होते.

२० ऑगस्ट, शनिवार

आज त्याला त्याच्या बापाशेजारी ठेवलं. लेवुकाला ऊन होतं.

सुवाहून त्याला आणताना बोटीवर त्याच्या जोडीदारांनी इंजिन अगदी संथ चालवलं. सगळे पेटीभोवती चटयांवर बसलो होतो. सिरेली त्याच बोटीवर होता, पण मागे, दोरखंडांच्या वेटोळ्यावर, पाठ करून. कुणीतरी बोलावलं तर म्हणाला, इथे बरं आहे.

गावात तीन दिवस भुईतल्या भट्ट्या पेटत्या होत्या. लाकडं फोडायला सिरेली, दगड तापवायला सिरेली, डुकरं साफ करायला सिरेली. घरात पाऊल नाही. मयताच्या घरी तवालेने थट्टा करायची असते, रडणाऱ्यांना हसवायचं असतं, सगळे त्याचीच वाट पाहत होते. म्हाताऱ्या लुसियाने त्याला मुद्दाम डिवचलं, "कामिलो गेला, आता गावात सगळ्यात कुरूप तूच." तो कुऱ्हाड घेऊन मागे निघून गेला.

खड्ड्यात माती टाकताना तो पुढे आला नाही. सगळ्यांनी मूठमूठ टाकली. तो कुंपणाशी उभा.

मी ते मनात धरलं आहे. माळ जपताना "जसे आम्ही क्षमा करतो" इथे येऊन अडते.

२४ ऑगस्ट, बुधवार

दफनानंतरचं चौथ्या दिवसाचं झालं. दुपारी सगळे चटईवर बसले असताना सिरेली पायरीपाशी आला. चर्चचा पांढरा सदरा. दोन्ही हातांवर तांबुआ, देवमाशाचा दात, नारळाच्या दोरीत ओवलेला. त्यांच्या घरात तो एकच आहे, माझ्या आईच्या लग्नातला. तो उंबऱ्याबाहेरच गुडघ्यांवर बसला, तिथून रांगत आत आला आणि मान जमिनीला लागेल इतकी खाली घातली.

असा दात घेऊन माणूस एकाच कामाला येतो. अपराधाची माफी मागायला. आणि तो स्वीकारला, की विषय तिथे गाडला जातो. पुन्हा कुणी काढायचा नाही, ज्याने केला त्यानेही नाही.

माझे थोरले दीर घरात वडील. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणत्या गोष्टीसाठी, बाळा?"

सिरेलीचे ओठ हलले. आवाज येईना. "माझ्या..." म्हणाला. "माझ्या अंगावरून..." आणि हातातला दात आणखी पुढे धरला.

अंगावरून काय, ते मला कळलं नाही. पण सबंध गावासमोर तो पोरगा तसा अडखळताना पाहिला आणि मला माझा धाकटा भाऊ दिसला, कॉन्व्हेंटच्या फाटकाशी मला भेटायला येऊन लाजेने आत न येणारा. माझं सगळं विरघळलं.

मी मागून म्हटलं, "दादा, कारण मला ठाऊक आहे. घ्या तुम्ही."

सिरेलीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. असे डोळे मी अजून कुणाचे पाहिले नाहीत. "नेई, तुला ठाऊक आहे?"

"आहे. माझ्या मनात आता काही नाही."

दिरांनी दात हातात घेतला, स्वीकारल्याचे शब्द म्हटले. सगळ्यांनी ओंजळीच्या खोल आवाजाच्या टाळ्या दिल्या. संपलं.

मग तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मोठ्या माणसाचं असं रडणं मी ऐकलं नव्हतं. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. म्हटलं, "शेवटी शेवटी आला नाहीस, एवढंच ना? त्यालाही कळलं होतं, तू घाबरलास. त्याने काही मनात ठेवलं नाही."

तो रडायचा थांबला. एकदम, कुणी तोंड दाबावं तसा. डोकं तसंच माझ्या मांडीवर, पण जड झालेलं. मग म्हणाला, "नेई, ते नाही. मला सांगू दे."

मी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. "दात स्वीकारला ना? आता नाही बोलायचं. तुझ्या बापाने हेही शिकवलं नाही?"

तो गप्प झाला. रीत मोडणारा मुलगा नाही तो.

संध्याकाळी मी त्याला पोटभर जेवू घातलं. खाली बघून खाल्लं त्याने, सांगितलं तेवढं. उद्या सकाळच्या बोटीने जाईल. मी म्हटलं आहे, दर महिन्याला येत जा, मला हसवायला आता तुझ्याशिवाय कोण आहे? हो म्हणाला.

इतका रडला, म्हणजे चूक त्याला पुरती उमगली. आता त्याने मोकळं व्हावं. न येण्याची एवढीशी चूक, तिच्यासाठी तरण्या पोराने जन्मभर झुरू नये.